चार गिल्डर, तीन गिल्डर आणि नोंदवही: युडित लेइस्टरच्या चित्रशाळेतलं १६३५ चं प्रकरण

पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉलंडमधलं हार्लेम शहर बिअर, लिननचं कापड आणि चित्रं यांसाठी ओळखलं जायचं. युडित लेइस्टरच्या घरात यातल्या पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी तिने आणली. २८ जुलै १६०९ रोजी तिचा बाप्तिस्मा झाला. आठवं अपत्य. वडील कापडाच्या धंद्यात होते, पुढे बिअर बनवण्याच्या धंद्यात आले. त्यांच्या भट्टीचं नाव होतं ‘लेइस्टर’, म्हणजे वाट दाखवणारा तारा, आपला ध्रुवतारा. तेच आडनाव झालं. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना वडिलांचं दिवाळं निघालं.

१६२८ साली सामुएल आम्पसिंगने हार्लेमचं वर्णन करणारा ग्रंथ छापला. त्यात शहरातल्या चित्रकारांमध्ये तिचा उल्लेख आहे. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षीची, १६२९ ची, तिची मुद्रा असलेली चित्रं आज आपल्याला पाहायला मिळतात. मुद्रा म्हणजे तिच्या नावातली ‘जे’ आणि ‘एल’ ही अक्षरं एकात एक गुंफलेली आणि त्यांना जोडून एक तारा. आडनावाचा अर्थच तिने सहीत आणला. ही मुद्रा लक्षात ठेवा, शेवटी तिच्यापाशीच यायचं आहे.

१६३३ पर्यंत ती हार्लेमच्या सेंट ल्यूक गिल्डमध्ये उस्ताद म्हणून दाखल झाली होती. तिच्याआधी १६३१ मध्ये सारा फान बालबेर्गेन ही एक स्त्री तिथे दाखल झाली होती. गिल्ड म्हणजे त्या काळचा धंद्याचा संघ. उस्ताद म्हणून नाव चढलं की तीन हक्क मिळत: शहरात स्वतःच्या नावाने चित्रं विकायची, स्वतःची चित्रशाळा चालवायची आणि उमेदवारीला मुलं घ्यायची. दिवाळं निघालेल्या घरातल्या, लग्न न झालेल्या चोवीस वर्षांच्या मुलीसाठी तिसरा हक्क फार मोलाचा होता, कारण चित्र विकलं जाईल की नाही याचा भरवसा नसतो, पण उमेदवारीची फी घरात येते. आणि १६३५ मध्ये तिच्याकडे तीन मुलं शिकत होती.

तिची कामाची पद्धत कशी होती हे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या तिच्या आत्मचित्रात दिसतं. चित्र १६३० च्या सुमाराचं, साधारण ७५ सेंटिमीटर उंच आणि ६५ रुंद. ती खुर्चीत वळून बसली आहे, उजवं कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकलेलं, तोंड किंचित उघडं, आत्ताच कुणीतरी आत आलं आणि ती बोलायला लागली असं वाटतं. डाव्या हातात रंगपाटी, कापड आणि मूठभर कुंचले. कडक इस्त्रीची रुंद कॉलर आणि उंची पोशाख घालून कुणी तेलरंगात काम करत नाही. तो पोशाख गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी आहे. चित्र टेकवायच्या घोडीवर निळ्या कपड्यातला हसरा सारंगीवाला अर्धवट रंगवलेला आहे. अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांखाली मात्र तिथे वेगळंच दिसतं: त्या जागी आधी एका स्त्रीचा चेहरा होता, बहुधा तिचा स्वतःचाच. तो पुसून तिने सारंगीवाला घातला. म्हणजे एकाच कॅनव्हासवर दोन नमुने झाले. ‘मी व्यक्तिचित्र काढते’ हे स्वतःच्या चेहऱ्यातून दिसलं आणि ‘बाजारात खपणारी मौजमजेची चित्रंही काढते’ हे घोडीवरून. काही अभ्यासक हे चित्र गिल्डमधल्या प्रवेशाशी जोडतात. ते तसं असो वा नसो, गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून केलेला हा बदल आहे, आणि पुढच्या प्रकरणातली बाई आपल्या धंद्याबद्दल किती जागरूक होती हे त्यावरून समजतं.

उमेदवारीचा हिशोब

भांडण कशावरून झालं ते समजण्यासाठी शिकाऊ मुलाकडून उस्तादाला काय मिळायचं आणि कधी मिळायचं, हे आधी पाहावं लागतं.

पहिल्या महिन्यांत मुलगा कामाला आला तरी तोट्यातच असतो. त्याला रंग वाटायला शिकवायचं. दगडी पाट्यावर कोरडी पूड आणि जवसाचं तेल घेऊन दगडी वरवंट्याने घोटायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक रंगाचं गणित निराळं असतं. शिशाचा सफेदा जितका घोटाल तितका चांगला, त्याला तेलही कमी लागतं. कोबाल्टच्या निळ्या काचेची पूड, म्हणजे स्माल्ट, त्याच उत्साहाने बारीक केली तर तिचा निळा रंगच उडतो आणि राखाडी चिखल उरतो. ती भरडच ठेवायची. लाखेसारखे लाल रंग वाळायला वेळ घेतात, हाडांच्या कोळशाचा काळा त्याहून जास्त. नवख्या मुलाने त्यात तेल जास्त घातलं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा ओला राहतो आणि महिन्याभरात चित्राला सुरकुत्या पडतात. सामान नासतं ते उस्तादाचं.

मग कॅनव्हास तयार करणं. लिननचं कापड चौकटीवर ताणायचं, जनावराच्या सरसाचा पातळ हात द्यायचा, वाळल्यावर घासायचं, मग सफेदा आणि मातीरंग यांचा अस्तर-थर. सरस दाट झाला तर पुढे अस्तर तडकतं. पातळ झाला तर तेल कापडात उतरतं आणि काही वर्षांत धागा कुजतो. (कापड जवसाच्या धाग्याचं आणि रंगातलं तेल जवसाच्या बियांचं, एकाच झाडाचे दोन भाग. तरी सरसाशिवाय दोघं एकत्र नांदत नाहीत.)

यानंतर छापील चित्रांवरून रेखाटन, मग उस्तादाच्या चित्रांच्या नकला, मग समोर माणूस बसवून. नकला विकण्याइतक्या बऱ्या उतरू लागल्या की उस्तादाचे दिवस पालटतात, कारण शिकाऊ मुलाच्या हातचं काम उस्तादाच्या चित्रशाळेतूनच विकलं जातं. म्हणजे सुरुवातीच्या काळात उस्तादाचा वेळ आणि सामान जातं, भरपाई म्हणून फक्त फी असते, आणि खरा फायदा नंतर. मुलगा सुरुवातीलाच निघून गेला तर उस्तादाच्या पदरी फक्त खर्च राहतो. मुलगा दुसऱ्या उस्तादाकडे गेला, तर पहिल्याने केलेल्या मशागतीचं पीक दुसरा कापतो. उमेदवारीतल्या मुलाने गिल्डच्या परवानगीशिवाय उस्ताद बदलायचा नाही, हा नियम याच कारणासाठी होता.

अडचण

१६३५ मध्ये लेइस्टरचा एक शिकाऊ तिची चित्रशाळा सोडून थेट फ्रान्स हाल्सच्या चित्रशाळेत गेला. गिल्डची परवानगी नव्हती.

हाल्स तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, शहरातला सर्वांत नावाजलेला व्यक्तिचित्रकार. त्याचा दर काय होता हे आपल्याला नेमकं माहीत आहे. १६३३ मध्ये त्याने ॲम्स्टरडॅमच्या नागरी पथकाचं समूहचित्र घेतलं होतं. ठरलेला भाव दर माणशी ६० गिल्डर (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन), पुढे तो ६६ पर्यंत वाढवून मिळाला. (ते चित्र त्याने पुरं केलंच नाही. ॲम्स्टरडॅमला जायला तो तयार नव्हता आणि १६३७ मध्ये पीटर कोडेने ते संपवलं.) लेइस्टर सव्वीस वर्षांची, दोन वर्षांची उस्ताद. शिवाय दोघांचा बाजार एकच. मोकळ्या, झपाट्याच्या हाताने रंगवलेली हसरी माणसं, गाणारे-पिणारे, ही दोघांचीही चित्रं, आणि घेणारे पुष्कळदा तेच. मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी मोठं नाव निवडणं समजण्यासारखं आहे. पण लेइस्टरसाठी हा फक्त एका फीचा प्रश्न नव्हता. एक मुलगा असा गेला आणि काही झालं नाही, तर उरलेले दोघंही जाऊ शकतात, हे शहरातल्या प्रत्येक आईबापाला कळणार.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग गप्प बसण्याचा. हाल्सशी वैर येत नाही, गिल्डमध्ये नाव चर्चेत येत नाही. पण नवख्या उस्तादाने, त्यातून बाईने, पहिल्याच खेपेला सोडून दिलं तर तो पायंडा पडतो.

दुसरा, मुलाच्या आईशी परस्पर बोलून फी वसूल करण्याचा. पैशापुरतं हे पुरेसं होतं. त्यात अडचण अशी की आईकडे देण्याचं कारणच नव्हतं. मुलगा आता दुसरीकडे शिकत होता, तिथली फी तिला द्यायची होती. आणि ज्याने नियम मोडून मुलगा घेतला, तो यात मोकळा सुटतो.

तिसरा, गिल्डकडे तक्रार करून आई आणि हाल्स दोघांकडे दाद मागण्याचा. गिल्डचा निर्णय सर्वांवर बंधनकारक, आणि तो लिहिला जातो. याची एक किंमत होती: गिल्डसमोर गेलं की आपलीही वही उघडली जाते. आणि लेइस्टरच्या वहीत एक भोक होतं. या मुलाची उमेदवारी तिने गिल्डकडे नोंदवलीच नव्हती.

हे तिला माहीत नसणं शक्य नाही. नोंदणी उस्तादाचंच काम होतं. तरीही ती पुढे गेली, आणि आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. आपल्यालाही दंड बसेल हे पत्करून तिने हक्क मांडला.

काय केलं

तिने गिल्डकडे दाद मागितली. मुलाच्या आईकडून आठ गिल्डर मागितले आणि हाल्सविरुद्ध तक्रार केली की त्याने परवानगी नसताना मुलगा ठेवून घेतला.

आठ गिल्डर म्हणजे किती? कुशल कारागिराची रोजची मजुरी तेव्हा एक गिल्डरच्या थोडी मागेपुढे होती. म्हणजे कारागिराच्या साधारण आठवड्याभराच्या कमाईइतकी रक्कम. दुसरी तुलना हवी तर, पुढे ॲम्स्टरडॅममध्ये रेम्ब्रँट शिकाऊंकडून वर्षाला १०० गिल्डर घेत असे. लेइस्टरची मागणी अवास्तव नव्हती.

निकाल

आईने चार गिल्डर दिले, मागणीच्या निम्मे. हाल्सने मुलगा परत पाठवण्याऐवजी तीन गिल्डर दंड भरून विषय मिटवला. आणि मुलाची नोंद केली नाही म्हणून लेइस्टरलाही दंड झाला.

आकडे शेजारी ठेवून पाहा. एका समूहचित्रात एका माणसामागे ६६ गिल्डर घेणाऱ्या चित्रकाराला तीन गिल्डर म्हणजे एका चेहऱ्याच्या मोबदल्याचा बाविसावा भाग. तेवढ्यात त्याला रंग वाटायला शिकलेला मुलगा मिळाला. नियम मोडण्याचा दंड नियम पाळण्यापेक्षा स्वस्त असेल, तर तो नियम दुबळ्या उस्तादाचं रक्षण करत नाही. तो फक्त मोडण्याचा भाव ठरवतो. गिल्डने हाल्सला मुलगा परत करायला भाग पाडलं असतं तर निकाल वेगळा झाला असता. पण शहरातल्या सर्वांत मोठ्या चित्रकारासमोर तेवढं पाऊल उचललं गेलं नाही.

तरी लेइस्टर रिकाम्या हाताने परतली असं म्हणता येणार नाही. एका स्त्री उस्तादाचा शिकाऊवरचा हक्क गिल्डने मान्य केला. फ्रान्स हाल्सला तिच्या तक्रारीवर दंड भरावा लागला. १६३५ मध्ये तिची स्वतःची चित्रशाळा होती, ती मुलं घेत होती, फी घेत होती, हे आज आपण निःशंकपणे सांगू शकतो ते याच तक्रारीमुळे.

पुढे काय झालं

१ जून १६३६ रोजी हेमस्टेड इथे तिने चित्रकार यान मीन्से मोलेनार याच्याशी लग्न केलं. लवकरच दोघं ॲम्स्टरडॅमला गेली. ॲम्स्टरडॅमचा बाजार मोठा होता, पण हार्लेमच्या गिल्डमध्ये तिने मिळवलेली जागा मागे राहिली. पाच मुलं झाली, त्यांतली दोनच मोठी झाली. तिच्या मुद्रेची चित्रं लग्नानंतर एकदम विरळ होतात.

याचा अर्थ तिने कुंचला खाली ठेवला असा पूर्वी लावला जायचा. तो चुकीचा आहे. १६४३ मधलं तिचं ट्युलिपचं जलरंगातलं पान हार्लेमच्या फ्रान्स हाल्स म्युझियममधल्या ट्युलिप-पुस्तकात आहे. फुलदाणीचं १६५४ चं एक चित्र आहे. आणि १६५३ च्या सुमाराचं तिचं दुसरं आत्मचित्र २०१६ मध्ये लंडनच्या लिलावात पुढे आलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईने पुन्हा स्वतःचा चेहरा रंगवला होता. काम चालू होतं. फक्त ते आता नवऱ्याच्या नावाच्या घरात होतं, जिथे एकाच छपराखाली दोन चित्रकार होते, आणि दाराबाहेर नाव एकाचंच.

१६४८ च्या सुमारास ती दोघं हेमस्टेडला परतली. फेब्रुवारी १६६० मध्ये पन्नाशीत तिचं निधन झालं. १६६८ मध्ये मोलेनार गेल्यावर घरातल्या सामानाची यादी झाली. त्यात तिची चित्रं आहेत, पण यादी करणाऱ्याने लिहिलं: मयताच्या पत्नीची. नाव नाही.

या दोन शब्दांनी जे नुकसान झालं ते तीन गिल्डरांच्या दंडाने झालं नाही. नाव नसलेल्या चित्रांना बाजार नाव शोधतो, आणि मोकळ्या हाताच्या हार्लेमच्या चित्राला जे नाव सर्वांत जास्त किंमत आणतं ते एकच. पुढची दोनशे वर्षं तिची चित्रं हाल्सची किंवा मोलेनारची म्हणून फिरत राहिली. वॉशिंग्टनचं आत्मचित्रसुद्धा विसाव्या शतकातही काही काळ हाल्सचं मानलं जात होतं. ज्याने तिचा शिकाऊ ठेवून घेतला, त्याच्याच नावावर तिचा चेहराही जमा झाला.

हाल्सचं म्हणून विकलेल्या एका चित्रावर तिची मुद्रा सापडली तेव्हा हे उलटलं. आज ते चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, पिणाऱ्या जोडप्याचं. विक्रेते न्यायालयात गेले आणि १८९३ मध्ये किमतीवर तडजोड झाली. त्याच वर्षी डच अभ्यासक कोर्नेलिस हॉफस्टेडे दे ग्रोट याने लेख लिहून ‘जे’, ‘एल’ आणि ताऱ्याची मुद्रा असलेली चित्रं एकत्र केली आणि सात चित्रं तिच्या नावावर लावली. हे भांडण सुरू झालं नसतं तर आजही तिला कुणी ओळखलं असतं का, शंका आहे. १९९३ मध्ये हार्लेम आणि अमेरिकेतल्या वूस्टर इथे तिचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा हॉफस्टेडे दे ग्रोटच्या लेखाला बरोबर शंभर वर्षं झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

१६३५ च्या पातळीवर उत्तर सरळ आहे. मुलगा दारात आला त्याच आठवड्यात नोंद. नोंदणीला पैसे पडतात, आणि मुलगा टिकतो की नाही हे पाहावं असं कुठल्याही उस्तादाला वाटतं. लेइस्टरनेही बहुधा तोच विचार केला. पण मुलगा पळतो तो याच ‘पाहू या’च्या काळात, आणि नेमका तेव्हाच उस्तादाच्या हातात कागद नसतो. नोंद असती तर तिला दंड बसला नसता, आणि हाल्सकडे ‘हा मुलगा तिचा होता कशावरून’ ही पळवाटही राहिली नसती. दुसरं, आईशी लेखी करार: फी तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ, आणि मुलगा मध्येच गेला तर ती तिमाही परत नाही. मग आठ मागून चारवर यावं लागलं नसतं, पैसे आधीच पेटीत असते.

मागणीतही एक चूक आहे असं आम्हाला वाटतं. आईकडून आठ गिल्डर मागताना हाल्सकडून किती, हे तिने आपल्या बाजूने आकड्यात बांधलं असतं तर गिल्डला तीनवर थांबणं अवघड गेलं असतं. रंग, कॅनव्हास, शिकवण्याचा वेळ यांचा हिशोब मांडता येतो. वर तो आपण मांडलाच आहे.

मुद्रेचं काय? गुंफलेली अक्षरं आणि तारा ही खूण सुंदर आहे, आणि जिवंत असताना हार्लेममध्ये ती पुरेशीही होती. तिथे लेइस्टरचा तारा सगळ्यांना माहीत होता. पण शहर सोडून गेलेल्या चित्रावर, वॉर्निश पिवळं पडल्यावर, दीडशे वर्षांनी लंडनमधल्या विक्रेत्याला त्या ताऱ्यात काहीच वाचता येत नाही. ज्या चित्रांवर तिने पूर्ण नाव लिहिलं तिथे हा घोळ होण्याचं कारणच नव्हतं. प्रत्येक चित्रावर पूर्ण नाव, आणि लग्नानंतर घरातली दोघांची चित्रं वेगळी ठेवणारी एक साधी यादी, एवढं असतं तर १६६८ मध्ये यादी करायला आलेल्या कारकुनाला काय लिहायचं ते समोर दिसलं असतं: युडित लेइस्टर.